तीन अधिक दोन: सोलापुरातला एक ब्लिट्झचा डाव

मे महिन्यातली रविवारची संध्याकाळ. शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या स्पर्धेची शेवटची फेरी संपली होती आणि बक्षिसं द्यायला येणारे पाहुणे अजून वाटेतच होते. पंखे जोरात फिरत होते, पण दिवसभर सोलापूरच्या उन्हात तापलेल्या भिंती हवा काही थंड होऊ देत नव्हत्या. बहुतेक पट आवरून झाले होते. एका टेबलावर मात्र अकरावीतल्या एका मुलीने सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि पलीकडे पाण्याची बाटली तोंडाला लावून उभ्या असलेल्या गृहस्थांना हाक मारली, "या की ओ अण्णा, एक डाव होऊ द्या. तीन अधिक दोन."

अण्णा साठीच्या पुढचे. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात, त्यांचं आयुष्य गेलं, आणि सुट्टीचे दिवस बुद्धिबळात. दोघंही नेमाने स्पर्धा खेळणारे, दोघांनाही रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, आहे. "पांढरं तू घे बाई," म्हणत अण्णा समोर बसले. मी त्या दिवशी पंचाच्या कामावर होतो, त्यामुळे सवयीने टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. शेजारी एका छोट्या स्पर्धकाची आई उभी होती. पहिल्या दहा-बारा चाली धडाधड पडल्या तशा त्या हळूच म्हणाल्या, "सर, एवढ्या घाईत हे विचार कधी करतात हो?"

डाव चालू असताना पटाजवळ बोलायचं नसतं, मग डाव स्पर्धेतला असो वा वेळ घालवायला मांडलेला. म्हणून त्या बाईंना मी नुसतं हसून गप्प केलं. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर त्याच डावात होतं. ते आता सावकाश देतो.

आधी "तीन अधिक दोन" म्हणजे काय ते. प्रत्येक खेळाडूला सगळ्या डावासाठी 3 मिनिटं मिळतात आणि केलेल्या प्रत्येक चालीमागे 2 सेकंद घड्याळात जमा होतात. जागतिक ब्लिट्झ अजिंक्यपद स्पर्धाही याच हिशेबाने खेळली जाते. जागतिक संघटना फिडे हिचा नियम असा: मूळ वेळ आणि साठ चालींचे जमा होणारे सेकंद यांची बेरीज 10 मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर तो ब्लिट्झ. त्याच्या वर आणि 60 मिनिटांच्या आत असेल तर रॅपिड. इथे 3 मिनिटं अधिक 120 सेकंद म्हणजे एकूण 5 मिनिटं झाली. साठ चालींना वाटली तर एका चालीला 5 सेकंद.

मोठ्या स्पर्धांतल्या सावकाश डावाशी हे ताडून बघा. पहिल्या 40 चालींना दीड तास, मग आणखी अर्धा तास आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद, ही तिथली एक रूढ पद्धत. साठ चालींचा डाव धरला तर चालीला सरासरी अडीच मिनिटं पडतात. म्हणजे आमच्या टेबलावरच्या दोघांकडे त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढा वेळ होता. पट तोच, सोंगट्या त्याच आणि उंटाची चालही तीच.

सोलापूरकराला ही गोष्ट समजवायला पाण्याचं उदाहरण पुरे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. येतं तेव्हा घरातली बाई पिंप, टाकी, कळश्या भरून घेते, आणि पुढचे दिवस कुठलं पाणी कशाला वापरायचं हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. भांडी विसळलेलं पाणी झाडांना जातं, पिण्याच्या पाण्याला कोणी हात लावत नाही. ती दर वेळी तांब्या हातात घेऊन विचार करत बसत नाही, कारण तिचा विचार आधीच झालेला असतो. ब्लिट्झ खेळणाऱ्याचं तसंच आहे. त्याचा बराचसा विचार घरून करून आणलेला असतो. पटावर बसल्यावर त्याला एवढंच ठरवायचं असतं, की साठवलेल्यावर कुठपर्यंत चालवायचं आणि ताजे सेकंद कुठे खर्चायचे. चालीमागचे ते 2 सेकंद म्हणजे बारीक धार सुटलेला नळ. तेवढ्यावर अंघोळ होत नाही, पण घसा कोरडा पडत नाही.

आता घड्याळ. 1883 साली लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचं जोडघड्याळ पहिल्यांदा वापरात आलं: एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं थांबतं. पुढे त्या तबकडीवर एक छोटा लाल झेंडा आला. मिनिटकाटा बाराजवळ पोचला की तो झेंडा उचलायचा आणि वेळ संपली की खाली पाडायचा. आता घड्याळं डिजिटल झाली, झेंडा गेला, तरी आमच्यातलं शेंबडं पोरही "फ्लॅग पडला" असंच म्हणतं. चालीमागे सेकंद जमा करण्याची कल्पना अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याची. त्याने 1988 मध्ये अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1992 साली जुना प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की याच्याबरोबरच्या सामन्यात ते वापरलं. त्याआधी जिंकत आलेला खेळाडू केवळ हात पुरला नाही म्हणून हरायचा. माझ्या मते बुद्धिबळावर फिशरचे जे उपकार आहेत त्यात या 2 सेकंदांचा नंबर फार वर लागतो.

अण्णा काळे घेऊन बसले होते आणि घड्याळ त्यांच्या उजव्या हाताला होतं, म्हणजे मुलीच्या डाव्या बाजूला. ज्या हाताने सोंगटी हलवली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, असा नियम आहे. मुलगी उजव्या हाताने खेळते. म्हणजे प्रत्येक चालीनंतर तिचा हात पटावरून आडवा पलीकडे जाणार. अर्धा सेकंद म्हणा. चाळीस चालींत ते वीस सेकंद झाले, आणि वीस सेकंदांत अख्खा एंडगेम, म्हणजे मोजक्या सोंगट्या उरल्यावरचा शेवटचा टप्पा, खेळला जातो. बघणाऱ्याला ती नुसती हातांची झटापट वाटते. खेळणारा बटण दाबून हात परत येताना कुठल्या वाटेने येतो याचाही सराव करतो, कारण बाही लागून राजा आडवा झाला तर तो आपल्याच वेळेत उभा करून द्यावा लागतो.

डाव असा सुरू झाला. पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं ई4 वर, काळ्याचं ई5 वर. (आडव्या रांगांना 1 ते 8 आकडे आणि उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून.) मग दोन्हीकडचे घोडे, पांढऱ्याचा उंट सी4 वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ6 वर. लगेच मुलीने घोडा जी5 वर टाकला. आता उंट आणि घोडा दोघंही एफ7 वर रोखलेले. काळ्या छावणीतलं हे सगळ्यात दुबळं घर, कारण त्याची राखण एकटा राजाच करतो. अण्णांनी डी5 वर प्यादं ढकलून उंटाची वाट अडवली, तिने ते मारलं.

इथे नवखा माणूस घोड्याने ते प्यादं परत मारतो, आणि दिसायला ते रास्तही दिसतं. मग पांढरा घोडा एफ7 वर बळी जातो, राजाला तो मारावा लागतो, आणि बिचारा राजा भर मैदानात ओढला जातो. या हल्ल्याला "फ्राइड लिव्हर" असं नाव आहे आणि शाळकरी स्पर्धांत दर महिन्याला कुणी ना कुणी त्यात सापडतं. अण्णांनी अर्थातच तसं केलं नाही. त्यांनी घोडा पटाच्या कडेला ए5 वर नेऊन उंटाला हुसकावलं. उंटाने बी5 वर जाऊन शह दिला, सी6 वर प्याद्यांची मारामारी झाली, उंट ई2 वर परतला. काळ्याने एच6 करून घोड्याला माघारी लावलं, ई4 करून परत पिटाळलं आणि मग डी6 वर आपला उंट आणला. बाराव्या चालीनंतरचा जमाखर्च असा होता: पांढऱ्याकडे 6 प्यादी, काळ्याकडे 5, पण पांढऱ्याच्या सोंगट्या मागे-पुढे करण्यातच दमल्या होत्या, आणि काळ्याचे सैनिक एकेक जागा धरून बसले होते.

या बारा चालींत दोघांनीही विचार असा केलाच नाही. ही वाट दीडशे वर्षांहून जुनी आहे, "टू नाइट्स" बचावातली, आणि दोघांनाही ती तोंडपाठ होती. मुलीने बारा चाली सरासरी 2 सेकंदांत केल्या, त्यामुळे तिचं घड्याळ जिथून निघालं तिथेच, 3 मिनिटांवर होतं. अण्णांचं 2 मिनिटं 48 सेकंदांवर. त्या बाईंनी मला प्रश्न विचारला तो नेमका या वेळी. म्हणजे त्यांना घाई दिसली तिथे घाई नव्हतीच. ते भरून ठेवलेलं पाणी होतं.

काळ्याने प्यादं का सोडलं हेही सांगायला हवं, कारण ब्लिट्झचा गाभा त्यात आहे. सावकाश डावात एक प्यादं कमी असणं म्हणजे अंगावरचं कर्ज. त्याच्या बदल्यात काळ्याला सोंगट्या लवकर बाहेर काढता येतात आणि पांढऱ्याला दर चालीला काहीतरी सांभाळावं लागतं. ब्लिट्झमध्ये हे "सांभाळावं लागणं" सेकंदांत मोजलं जातं. धमकी देणाऱ्याला 2 सेकंद लागतात, ती ओळखून तोड शोधणाऱ्याला 8. अण्णांनी एक प्यादं देऊन तिच्या घड्याळातून मिनिटभर वेळ विकत घेतला होता. सौदा वाईट नव्हता.

तेराव्या चालीला तो वसूल व्हायला लागला. अण्णांचा वजीर सी7 वर होता, त्याच्यापुढे डी6 वर उंट, दोघांची नजर एका तिरक्या रेषेतून थेट एच2 वर. मुलीच्या राजाला आता कॅसलिंग करून (एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे), जुन्या लोकांच्या भाषेत किल्लेकोटात, घ्यायचं होतं. कोणीही तेच करेल. तिचा हात राजावर गेला आणि बोटभर अंतरावर थांबला.

तो थांबलेला हात मला अजून दिसतो. बोटं किंचित वाकलेली, अंगठा पुढे आलेला, आणि डोळे राजावर नाहीत, एच2 वर. बुद्धिबळात हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. तिने राजाला स्पर्श केला असता आणि कॅसलिंग केलं असतं, तर काळा उंट एच2 वरचं प्यादं मारून शह देणार होता, आणि मागे वजीर असल्यामुळे राजाला तो उंट खाताही आला नसता. एवढ्या कष्टाने सांभाळलेलं प्यादं फुकट परत गेलं असतं आणि राजासमोरची भिंतही पडली असती. तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि विचाराला बसली. 38 सेकंद. ब्लिट्झमध्ये 38 सेकंद म्हणजे उपास सोडायला ठेवलेलं ताट. मग एच3 असं साधं प्यादं पुढे करून तिने त्या तिरक्या रेषेतली हवा काढून टाकली. अण्णांनी कॅसलिंग केलं, तिनेही केलं, अण्णांनी उंट एफ5 वर आणला. घड्याळात तिच्याकडे आता सव्वादोन मिनिटांच्या आसपास होती.

मला विचाराल तर त्या डावातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता, आणि निर्णय चालीचा नव्हता, थांबण्याचा होता. आपल्या साठ्यातलं पाणी इथे चालणार नाही हे तिने ओळखलं. ब्लिट्झमध्ये हरणारी बरीच पोरं हळू खेळून हरत नाहीत. ज्या चालीला थांबायला हवं त्या चालीलाही ती तेवढ्याच वेगाने खेळतात.

पुढच्या पंधरा-सोळा चाली मी भराभर सांगतो. डी आणि ई या दोन्ही उभ्या पट्ट्यांवर कोणाचंच प्यादं उरलेलं नव्हतं, आणि अशा रिकाम्या पट्ट्या म्हणजे हत्तींचे हमरस्ते. अण्णांनी दोन्ही हत्ती तिथे आणून उभे केले. मुलीने एकेक सोंगटी मारामारीत काढत दाब कमी केला. प्यादं जास्त असलेल्याने हेच करायचं असतं. अशा वेळी चांगला खेळाडू पाच सेकंदांत काय बघतो? समोरच्याच्या शेवटच्या चालीने काय बदललं, हे आधी. मग आपल्याकडे शह आहे का, काही मारता येतंय का, काही धमकी देता येते का, याच क्रमाने. आणि घड्याळ दाबण्याआधी एक ओझरती नजर: ज्या घरात जातोय तिथे आपल्याला कोणी खाणार नाही ना. सगळ्यात सुंदर चाल शोधणं ही चैन इथे परवडत नाही. पुरेशी चांगली आणि धोका नसलेली चाल सापडली की हात उचलायचा.

अठ्ठाविसाव्या चालीच्या सुमारास अण्णांकडून चूक झाली. त्यांचा वजीर आणि हत्ती अशा घरांत उभे राहिले की पांढऱ्या घोड्याच्या एका उडीत दोघांवर हल्ला झाला असता. मला ते दिसलं. त्या बाईंच्या सात-आठ वर्षांच्या मुलालाही दिसलं, त्याने आईचा हात घट्ट धरला. अण्णांना घड्याळ दाबल्याबरोबर कळलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, उलट ते पटाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागले. मुलीच्या घड्याळात पन्नास सेकंद होते आणि तिची नजर तिच्या राजाच्या बाजूला अडकलेली. तिने हत्ती हलवला. संधी गेली. बाहेर उभ्या असलेल्याला नेहमीच जास्त दिसतं, कारण त्याच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत नसतं. म्हणून घरी नेऊन पोरांना "एवढं साधं कसं दिसलं नाही रे?" असं विचारणाऱ्या पालकांना मी कळकळीने सांगतो, कधीतरी स्वतः तीन अधिक दोन खेळून बघा.

मग एवढ्या कमी वेळात जे दिसतं ते तरी कसं दिसतं? यावर मानसशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी (सायमन यांना पुढे 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) खऱ्या डावांतल्या स्थिती खेळाडूंना फक्त 5 सेकंद दाखवल्या आणि मग रिकाम्या पटावर मांडायला सांगितल्या. कसलेल्या खेळाडूने बहुतेक सोंगट्या जागच्या जागी ठेवल्या, नवख्याला मोजक्याच जमल्या. मग त्यांनी सोंगट्या वाटेल तशा, अर्थहीन विखरून दाखवल्या. आता दोघं जवळपास सारखेच निघाले. म्हणजे कसलेल्याची स्मरणशक्ती काही वेगळ्या मातीची नव्हती. तो सुट्या सोंगट्या बघतच नव्हता. "कॅसलिंग केलेला राजा, पुढे तीन प्यादी, जवळ घोडा" हे त्याच्या लेखी एकच चित्र होतं, आपण "सिद्धेश्वर" हा शब्द अक्षरं न जुळवता वाचतो तसं.

अण्णांच्या आयुष्यात याचं दुसरं उदाहरण आहे. मागांचा खडखडाट कानठळ्या बसवणारा असतो. आपल्यासारख्याला आत गेल्यावर नुसता आवाज ऐकू येतो. जॉबरला त्या आवाजात एका मागाचा ताल चुकलेला कळतो आणि तो त्या मागाकडेच चालू लागतो. कुठला भाग ढिला झालाय याचा विचार तो तिथे पोचल्यावर करतो, कान आधीच पोचलेले असतात. राजाजवळ थांबलेली त्या मुलीची बोटंही अशीच आधी पोचली होती. काय बिघडलंय हे तिला नंतरच्या 38 सेकंदांत कळलं.

चाळिसाव्या चालीच्या आसपास दोघंही अर्ध्या मिनिटाच्या खाली आले. इथून पुढे नियम माहीत असणं हेही डावपेचच असतात. शहात असलेल्या राजाला तसाच ठेवून दुसरी चाल केली आणि घड्याळ दाबलं, तर ती बेकायदा चाल. ब्लिट्झमध्ये पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला 1 मिनिट जादा मिळतं, दुसऱ्या वेळी डाव जातो. कॅसलिंग करताना किंवा प्याद्याचा वजीर करताना दोन्ही हात वापरून घड्याळ दाबलं तरी हीच शिक्षा. प्यादं शेवटच्या रांगेत गेलं आणि जवळ वजीर नाही म्हणून कोणी हत्ती उलटा करून ठेवला, तर तो हत्तीच धरला जातो. मी पंच म्हणून पोरांना रडताना पाहिलंय ते बहुतेक या उलट्या हत्तीपायी. वेळ संपली की डाव हरला, पण एक सोय आहे: समोरच्याकडे मात करण्याइतकं काही उरलंच नसेल, समजा नुसता राजा असेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

मारामारी होत होत पटावर उरलं ते असं. तिचा राजा डी5 वर, प्यादं सी5 वर, हत्ती एच7 वर. अण्णांचा राजा सी8 वर, प्याद्याच्या वाटेत सरळ समोर, आणि हत्ती जी6 वर. तिच्या घड्याळात 24 सेकंद, अण्णांच्या 8. एक प्यादं जास्त, तिप्पट वेळ. भोवती जमलेल्या पोरांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला असणार.

आणि अण्णा खुर्चीत मागे टेकले. त्यांचा हत्ती जी6 वरून एफ6 वर, एफ6 वरून जी6 वर, एवढंच. चालीला एक सेकंद. एक खर्च, दोन जमा. प्रत्येक चालीला त्यांचं घड्याळ एका सेकंदाने वाढत होतं.

ही बचावाची रीत अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. तो संगीतकारही होता. तिची युक्ती समजायला सोपी आहे. पांढऱ्याला प्यादं वजीर करायचंय, त्यासाठी त्याच्या राजाने पुढे सरकून काळ्या राजाला वाटेतून हटवायला हवं. काळा हत्ती सहाव्या रांगेत आडवा उभा असेपर्यंत पांढऱ्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. मग पांढरा कंटाळून प्यादंच सी6 वर ढकलतो. त्या क्षणाला काळ्या हत्तीने सहावी रांग सोडून पार मागे पहिल्या रांगेत जायचं आणि तिथून राजाला शहावर शह द्यायचे. हे शह थांबत का नाहीत? प्यादं सी5 वर असताना सी6 हे घर राजाची छत्री होती. तिथे उभा राहिला असता तर मागून येणारा शह प्याद्यावर अडला असता. आता त्या घरात प्यादंच जाऊन बसलं. छत्री मिटली आणि राजा उघड्यावर आला.

क्रम मात्र चुकवायचा नाही. प्यादं सी6 वर जायच्या आधी हत्ती मागे नेला तर राजा पुढे घुसतो. गेल्यावर सहाव्या रांगेतच रेंगाळला तर राजा प्याद्याच्या आडून बी6 वर येतो आणि आठव्या रांगेत मात होते. सावकाश डावात माणूस हे मोजून काढू शकेल. 8 सेकंदांत कोणीच नाही. ते आधीच ठाऊक असावं लागतं.

मुलीने हत्तीचे शह देऊन बघितले, हत्ती डावीकडे नेऊन बघितला. दर चालीला ती तीन-चार सेकंद विचार करत होती, कारण कुठेतरी जिंकण्याची वाट असणारच असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं चूक म्हणता येत नाही. शेवटी तिने प्यादं सी6 वर ढकललं. अण्णांचा हत्ती जी6 वरून सरळ जी1 वर गेला, इतक्या सहज की घड्याळाचा आवाज आणि हत्तीचा आवाज एकच ऐकू आला. राजा डी6, हत्ती डी1, शह. राजा सी5, हत्ती सी1, शह. राजा बी6, हत्ती बी1, शह. घड्याळं केव्हाच एकमेकांना ओलांडून गेली होती: तिचं 5, अण्णांचं 21. तिने पटाकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला. बरोबरी.

वेळ घालवायला मांडलेल्या या डावाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. ब्लिट्झला हलकं समजायची आपल्याकडे सवय आहे. फिडे 2012 पासून ब्लिट्झचं स्वतंत्र रेटिंग देते. 1970 साली युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोव्हीला जगातले बारा खेळाडू 5-5 मिनिटांचे डाव प्रत्येकाशी दोनदा खेळले, तेव्हा फिशरने 22 पैकी 19 गुण मिळवले आणि दुसरा आलेला मिखाईल ताल साडेचार गुणांनी मागे राहिला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीबरोबरच्या अंतिम सामन्यात सावकाश खेळाचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो जलद डावांत. तरीही लहान मुलांना दिवसभर मोबाइलवर ब्लिट्झच खेळू देण्याच्या मी विरोधात आहे. टाकीत पाणी भरतं ते सावकाश डावांत, एंडगेमचा अभ्यास करताना, हरलेला डाव पुन्हा मांडून बघताना. ब्लिट्झमध्ये ते वापरलं जातं. नुसतंच वापरत राहिलं तर टाकी किती दिवस पुरेल?

त्या बाईंना हे सगळं सांगायला मी वळलो तर त्या मुलाला घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. पाहुणे आले होते, माइक खरखरत होता.

टेबलावर मात्र कोणी उठलं नव्हतं. अण्णांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या होत्या, पहिल्यापासून नव्हे, तेराव्या चालीपासून. वजीर सी7, उंट डी6. "कॅसल करत होतीस ना गं?" ते म्हणाले.

"तुम्ही बघितलात?"

"तुझा हात बघितला की. म्हणलं, आता करतीयस." त्यांनी उंट उचलला आणि एच2 वर टेकवला. "करून तर बघ. मग काय करशील सांग."

माइकवरून अकरावीतल्या त्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. तिने हात वर करून "आले, आले" म्हटलं आणि राजा एच1 वर सरकवला.